जुन्या डर्ट ट्रॅक गाडीचं हब: तपासायचं कसं, बदलायचं कधी

चिंचपोकळीच्या एका गाळ्यात मी येझदीचं मागचं चाक घेऊन उभा होतो. नवीन बेअरिंग टाकून दोन महिनेही झाले नव्हते आणि चाक पुन्हा डगडगायला लागलं होतं. लेथवाल्या काकांनी सील काढलं, सर्क्लिप, म्हणजे बेअरिंग अडकवून ठेवणारी कडी, काढली आणि हातोडा न उचलता चाक नुसतं उलटं धरलं. बेअरिंग त्यांच्या तळहातात पडलं.

"घाल बोट आत. काय लागतंय?"

"खरखरीत आहे काका. बारीक बारीक खड्डे आहेत."

"पंच मारलेत. बेअरिंग ढिलं बसत होतं म्हणून कुणीतरी आत टोचे मारून जागा फुगवलीय. तुझ्या बेअरिंगला काही झालेलं नाही रे. त्याचं घर गेलंय."

बेअरिंग ज्या गोल खाचेत बसतं तिला आमच्याकडे घर म्हणतात. जुनी गाडी मातीत पळवायला घेणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी आधी या घराकडे बघायला सांगतो. बेअरिंग सगळेच बदलतात, कारण ते स्वस्त आहे आणि दुकानात मिळतं. ते ज्यात बसणार आहे त्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, मात्र कुणी बोट घालून बघत नाही.

डर्ट ट्रॅकवर हे लवकर उघडं पडतं. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चालवणारा मागचं चाक मुद्दाम घसरवत वळण काढतो. टायर आडवा सरकताना मातीत रुततो, सुटतो, पुन्हा रुततो. तो प्रत्येक झटका रिममधून आऱ्यांत, आऱ्यांतून हबच्या फ्लँजमध्ये आणि तिथून बेअरिंगच्या घरात जातो. फ्लँज म्हणजे हबच्या दोन्ही बाजूंची भोकांची कड, जिच्यात आऱ्यांची डोकी अडकतात. लंबगोल ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडची असतात, त्यामुळे हा मार फेरीमागून फेरी एकाच अंगाला बसतो. त्यात गाडी मुंबईत ठेवलेली. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे अ‍ॅल्युमिनियमचं हब आणि त्यातली बिडाची ड्रमरिंग, म्हणजे ब्रेक जिच्यावर घासतो ती कडी, यांच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते. गाडी नुसती उभी असली तरी ही झीज थांबत नाही.

मी येझदी धरून सांगतो, कारण माझ्याकडे तीच आहे. राजदूत असो की बुलेट, ड्रम ब्रेकच्या आणि आऱ्यांच्या कुठल्याही जुन्या गाडीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

चाक गाडीवर असतानाच

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि तपासायचं चाक जमिनीपासून सुटेल असा आधार द्या. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या बाराला आणि सहाला धरा. एका हाताने ओढा, दुसऱ्याने ढकला. टकटक जाणवली तर लगेच बेअरिंगवर ठपका ठेवू नका. पुढच्या चाकाची टकटक हँडलच्या गोळ्यांमधूनही येते, मागच्याची स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या, बुशांमधूनही. दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि तसंच पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर लायनर ड्रमला धरून ठेवतात. टकटक थांबली तर दोष हबच्या आत आहे. तशीच राहिली तर फोर्क, हँडल किंवा स्विंगआर्मकडे बघा.

मग चाक हाताने फिरवा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक्सलच्या नटाजवळ टेका आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. चांगल्या बेअरिंगचा सारखा, मऊ सूर येतो. गेलेलं बेअरिंग वाळूत पाय घासल्यासारखं करकरतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी ब्रेक धरत असेल तर ड्रमचा गोलपणा गेलाय. तेही लिहून ठेवा.

शेवटी आऱ्यांच्या छोट्या पान्याने प्रत्येक आऱ्यावर हलकी टिचकी मारत चाक एकदा पूर्ण फिरवा. ताणलेला आरा टिंग वाजतो, ढिला आरा थप्प करतो. एकाच ठिकाणचे तीन-चार आरे थप्प वाजले तर खडूने खूण करा. हब उघडल्यावर फ्लँजची तेवढी भोकं सगळ्यांत आधी बघायची आहेत.

चाक उतरवणं आणि मापं

येझदीचं मागचं चाक काढताना चेन सोडावी लागत नाही. एक्सल ओढून घेतला की चाक बाजूला येतं आणि स्प्रॉकेट चेनसकट जागेवर राहतं. ब्रेकची पट्टी, म्हणजे ब्रेकप्लेटला चेसिसशी बांधून ठेवणारा दांडा, कोणत्या बोल्टने कशी बांधलीय याचा फोटो काढा. एक्सलवरचे बुश आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

आरे सोडायच्या आधीची मापं पुन्हा कधीच मिळत नाहीत, म्हणून इथे घाई नको. सरळ लोखंडी पट्टी ड्रमच्या तोंडावर आडवी टेका आणि पट्टीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजा. रिम हबच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही, बऱ्याच गाड्यांत ती मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते. हे माप हुकलं तर पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत येणार नाही आणि गाडी वळणात कायम एका बाजूला ओढत राहील. आरे मोजा, कुठे ३६ असतात, कुठे ४०. ते एकमेकांना किती वेळा ओलांडतात आणि व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी कोणता आरा कोणत्या दिशेने जातो, याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या.

ड्रमच्या आतली काळी धूळ कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधा आणि टाकून द्या. चाळीच्या गॅलरीत काम करत असाल तर हे शेजारच्या मुलांसाठीही पाळा.

बेअरिंग बाहेर

आधी सील, मग सर्क्लिप. काही हबांत सर्क्लिपच्या जागी आट्यांची रिंग असते आणि तिचे आटे कधी उलटे असतात. रिंगवर बाण किंवा खूण आहे का ते बघूनच जोर लावा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा उधळले की त्या हबची किंमत निम्म्यावर येते.

दोन्ही बेअरिंगच्या मध्ये स्पेसरची नळी असते. विरुद्ध बाजूने पितळेची दांडी घालून ती नळी किंचित बाजूला सरकवा. बेअरिंगच्या आतल्या रिंगची कड दिसली की तिच्यावर एकदा इकडे, एकदा समोर, असे हलके ठोके द्या. एकाच जागी ठोकलं तर बेअरिंग तिरकं होतं आणि बाहेर येताना घर ओरबाडतं. हटत नसेल तर ठोक्याचा जोर वाढवू नका, हब गरम करा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४२ मिमीचं घर ८० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०८ मिमी मोठं होतं आणि त्याच तापमानाला बेअरिंग ०.०४ मिमी. तेवढा फरक पकड सोडवायला पुरतो. हॉट एअर गन सगळीकडून फिरवत तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झाला की थांबा.

एक इशारा मात्र मनापासून. काही परदेशी जुन्या मोटोक्रॉस गाड्यांची हबं मॅग्नेशियमची आहेत. तसं हब हाती आलं तर त्याच्याजवळ उघडी ज्योत नेऊ नका. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं.

घर वाचायचं

हब रॉकेलने धुवा, रॉकेल मिळालं नाही तर डिझेलने. कोरडं करा. आता उजेडात बसून बोट घाला आणि सावकाश गोल फिरवा.

निरोगी घर मंद राखाडी, एकसारखं आणि गुळगुळीत लागतं. बेअरिंग आत फिरत असेल तर भिंत आरशासारखी चकचकीत होते. नवखा माणूस ती चमक बघून खूश होतो, पण ती झिजेची चमक आहे. बोटाला खोल आतल्या बाजूला एखादी पायरी लागते का बघा. तपकिरी किंवा काळपट डाग दिसले तर बेअरिंग हलत होतं. आणि ओळीने टोचलेले खड्डे दिसले तर कुणीतरी पंच मारलाय. पंच मारल्यावर बेअरिंग सगळ्या भिंतीवर टेकत नाही, वीस-पंचवीस टोकांवर उभं राहतं. रस्त्यावर ते काही दिवस धरतं. मातीत दोन-चार फेऱ्यांत ती टोकं चेपली जातात. माझ्या चाकाचं तेच झालं होतं. ज्या मेकॅनिकने ते केलं त्याने मला सांगितलं असतं तर मी थांबलो असतो, दुरुस्तीला पैसे जमवले असते. न सांगता केलं, याचं वाईट वाटतं.

चांगलं नवीन बेअरिंग थंड हबमध्ये हाताने ढकलून बघा. ते जाता कामा नये. अंगठ्याने दाबून आत गेलं तर घर गेलंय.

पुढे फ्लँज. इथे चीर शोधायची जुनी पद्धत आजही उत्तम चालते. भोकांच्या कडेला रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि पांढऱ्या खडूची पूड चोळा. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. मी पहिल्यांदा अशी रेघ पाहिली तेव्हा ती एका भोकापासून शेजारच्या भोकाकडे चालली होती आणि मध्ये जेमतेम नखाएवढी जागा उरली होती. नुसत्या डोळ्यांनी तिथे काहीच दिसत नव्हतं. खात्री करायची असेल तर डाय पेनेट्रंटचे डबे मिळतात, लाल रंग आणि वर पांढरा डेव्हलपर. तत्त्व तेच. खडूने खूण केलेल्या आऱ्यांची भोकं लांबट झालीत का, आऱ्याचं डोकं आत रुतलंय का, तेही बघा.

काही हबांवर ड्रमच्या आत जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने दोन-तीन दिशांनी मोजा. एक्सल स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लोळवा. वाकलेला असेल तर ओटा आणि एक्सल यांच्यात उजेडाची फट उघडझाप करते. वाकडा एक्सल नव्या हबमध्ये घालण्यात काहीच अर्थ नाही.

ठेवायचं की बदलायचं

फ्लँजला चीर असेल तर ते हब संपलं. आर्गनने वेल्डिंग करून देणारे आहेत आणि त्यांचं काम दिसायला सुबकही असतं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं ओतकाम नरम पडतं आणि पुढची चीर त्याच्या शेजारून जाते. असं हब घरात मांडून ठेवा, ट्रॅकवर नेऊ नका.

फक्त घर ढिलं असेल तर हब वाचतं. चांगला टर्नर घर मोठं करून त्यात स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, ठोकतो आणि ती बेअरिंगच्या मापापेक्षा ०.०२ ते ०.०४ मिमी लहान ठेवून बोअर करतो. दोन्ही घरं एकाच सेटिंगमध्ये, एका रेषेत व्हायला हवीत. हे त्याला आधीच विचारा. "बघू, बसवून टाकतो" असं उत्तर आलं तर चाक उचला आणि दुसरीकडे जा. ढिलाई अगदी नावापुरती असेल तर बेअरिंग धरून ठेवणारं लॉकिंग केमिकल चालतं, पण पंच मारलेल्या घरात ते वापरू नये.

शक्य असेल तर मी जुनं हब वाचवतो, त्याला कारण आहे. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि २०१८ नंतर जावा-येझदी नावाने आलेल्या नव्या गाड्यांचे भाग या गाड्यांना बसत नाहीत. म्हणजे आज मिळतं ते एकतर भंगारातून वाचलेलं किंवा नव्याने ओतलेलं. चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या भंगारात फिरताना खिशात व्हर्नियर आणि नवीन बेअरिंग ठेवा. बेअरिंग तिथेच घालून बघा. फ्लँजचा व्यास, दोन फ्लँजमधलं अंतर, भोकांची संख्या आणि भोकाचा व्यास जुन्याशी जुळवा. १० गेजचा आरा ३.२५ मिमीचा असतो, ९ गेजचा ३.६६. नव्या ओतीव हबात भोकं मोठी असली आणि तुम्ही बारीक आरे घातले तर ते कायम ढिले पडत राहतील. फ्लँजचा व्यास बदलला तर आऱ्यांची लांबीही बदलते. तुमची ब्रेकप्लेट सोबत न्या आणि ड्रममध्ये बसवून फिरवून बघा.

बेअरिंगसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट. गाडीचं नाव सांगू नका, जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून दाखवा. नंबर कळायला सोपा आहे. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे: ०२ म्हणजे १५ मिमी, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणा. ६२०३ म्हणजे १७ × ४० × १२, ६३०२ म्हणजे १५ × ४२ × १३. मातीसाठी शेवटी २आरएस लिहिलेलं घ्या, त्याला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतं. झेडझेडवाल्यांत पत्र्याची झाकणं असतात आणि त्यांच्या फटीतून चिखलाचं पाणी शिरतं. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत बनावट मालही फिरतो, तेव्हा पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

बेअरिंग बसवताना

नवीन बेअरिंग पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी रिकामं हब ओव्हनमध्ये किंवा गॅसवर जाड तवा ठेवून त्यावर तापवा, मघाशी सांगितल्याप्रमाणे थेंब चर्र होईपर्यंत. जाड हातमोजे घाला. बेअरिंग सरळ धरून सोडा. घर बरोबर असेल तर ते जवळजवळ स्वतःहून उतरतं. हा क्षण दोन-चार सेकंदांचा असतो, नंतर दोघांचं तापमान एक होतं आणि पकड येते. उरलेलं ठोकायचं असेल तर जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून तिच्यावर ठोका. रिंग थोडी घासून बारीक करून ठेवा, नाहीतर तीच घरात अडकते. आतल्या रिंगवर मारलेला प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर वळ उमटवतो. ठोक्याचा आवाज ऐका. बेअरिंग उतरत असताना तो पोकळ येतो, तळाला टेकलं की एकदम भरीव होतो. तिथे थांबा.

मग स्पेसर. हा विसरला गेला, तर एक्सलचा नट आवळताच दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी मरतं. दुसरं बेअरिंग त्याची आतली रिंग स्पेसरला टेकेपर्यंतच घ्या. बोटाने आतल्या रिंगा फिरवा, त्या सहज आणि सारख्या फिरायला हव्यात.

चाक बांधणं

हब बदललं असेल तर चाक नव्याने बांधावं लागतं. पहिलं चाक चांगल्या चाक बांधणाऱ्याकडे न्या, पण त्याच्या शेजारी बसा. तुमचे फोटो आणि मापं त्याच्यासमोर ठेवा. सगळे आरे आधी हाताने, मग अर्धा-अर्धा आटा सारखे ताणायचे, आणि आउट, म्हणजे फिरताना रिमचं हेलकावणं, काढताना आधी वर-खालचा, मग आडवा. दोन्हीकडे १ मिमीच्या आत आलं तर मला समाधान वाटतं, २ मिमीच्या वर मी सोडत नाही. रिमच्या आतून डोकावणारी आऱ्यांची टोकं कानशीने घासून घ्या, नाहीतर ट्यूब पहिल्याच उडीत फुटेल.

आरे ताणले की ते ड्रमला ओढतात आणि नवा गोल ड्रमही किंचित लंबगोल होतो. म्हणून ड्रमचा शेवटचा हात चाक बांधून झाल्यावर मारायचा असतो, आख्खं चाक लेथवर चढवून. एवढं मोठं चाक घेणारी लेथ शोधावी लागते, पण त्यानंतर ब्रेक इतका सारखा धरतो की तो खटाटोप कायम लक्षात राहतो.

गाडीवर चढवताना ब्रेकची पट्टी बांधल्याशिवाय चाक फिरवूही नका. ती सुटी राहिली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकासोबत फिरते, केबल तोडते आणि चाक जाम होतं. नवीन स्प्लिट पिन घाला, जुनी सरळ करून वापरू नका.

पहिल्या दिवशी फक्त पंधरा मिनिटं, मध्यम वेगाने चालवा. थांबायच्या आधी ब्रेक न वापरता थोडं सावकाश फिरून या, मग उतरून हबवर हात ठेवा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग दाबलं गेलंय किंवा लायनर घासतायत, चाक पुन्हा उतरवा. पान्याने आरे वाजवा आणि थप्प बोलणारे ताणा. दुसऱ्या आणि तिसऱ्या सरावानंतरही वाजवा, नवे आरे आपापल्या भोकात बसायला तेवढा वेळ घेतात. घरी आणल्यावर माती झाडून, बादलीतल्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या पाण्याचा फवारा हबच्या मध्यावर मारू देऊ नका. तिथे उभे राहा आणि पोराला सांगा, "दादा, चाकाच्या मधोमध नको, फक्त टायरवर."